उधव्याच्या डोहात मारलेले तीन सूर

दहिवडीहून निघताना माझ्या ट्रंकेत दोन धोतरं, दोन सदरे, पट्ट्यापट्ट्यांची एक चड्डी, एक वही आणि सहा लिंबं होती. लिंबं पाहून आमच्या सौ. म्हणाल्या, "तिकडे लिंबं मिळत नाहीत का?"

"ही खायची नाहीत," मी म्हणालो. "शास्त्राची आहेत."

"मग दोन ठेवून जा. मला पोह्यांना लागतील."

शास्त्राची लिंबं चारच उरली.

ते शास्त्र असं. मी भूगोलाचा मास्तर. परदेशातल्या चुनखडीच्या विवरांवर एका मासिकात आलेला लेख मी इतक्या वेळा वाचला होता की त्याची पानं सुटी झाली होती. चुनखडीचा खडक पाण्यात हळूहळू विरघळतो, जमिनीखाली पोकळी होते, एके दिवशी वरचं छत कोसळतं आणि खाली निळ्याशार पाण्याचं गोल कुंड उघडं पडतं. लोक त्यात उड्या मारून पोहतात. खडक चुनखडीचा आहे की नाही हे ओळखायचं तर त्यावर लिंबू पिळायचं. फसफसला तर चुनखडी.

मला या लेखानं वेड लावलं, कारण मी विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. आमच्या माणगंगेत पाणी असतं ते मुख्यतः नकाशात. त्यामुळे आमच्याकडे सगळे विहिरीतच शिकतात, पाठीला सुकलेले भोपळे बांधून. विहिरीत शिकलेल्या माणसाला एक खोड जन्मभर लागते. तो गोल पोहतो. समोर भिंत आली की वळायचं, ही सवय अंगात इतकी मुरते की भिंत नसली तरी तो वळतो. अशा माणसासाठी निसर्गानंच गोल कुंडं करून ठेवली आहेत, हे वाचून मला भरून आलं होतं.

या वेडाबद्दल मी माझ्या मित्राला, गोविंदाला, पत्र लिहिलं. गोविंदा डहाणूचा, मच्छीमाराचा मुलगा. ट्रेनिंग कॉलेजात आम्ही दोन वर्षं एका खोलीत राहिलो आणि दोन्ही वर्षं आमचा एकच वाद चालू होता: खरं पोहणं विहिरीतलं की समुद्रातलं. आता तो डहाणूला प्राथमिक शाळेत मास्तर होता. त्याचं उत्तर आलं, "परदेशात कशाला जातोस? तुझ्या लेखातल्यासारखा डोह आमच्याकडे उधव्याला आहे. वरून गोल, पाणी निळं, मध्ये तळ कुणाला लागलेला नाही. ये. शिवाय तुझ्याजोगं एक कामही आहे."

मी आठ दिवसांची रजा टाकली आणि निघालो.

डहाणू रोड स्टेशनावर उतरलो तेव्हा संक्रांत होऊन आठवडा झाला होता. मुंबई राज्याची वाटणी होऊन फार दिवस झाले नव्हते आणि स्टेशनाबाहेर ते लगेच ऐकू आलं. टांगेवाला घोड्याशी गुजरातीत बोलत होता, माझ्याशी मराठीत आणि पोलिसाशी हिंदीत. मी त्याला विचारलं, "तुम्ही गुजराती की मराठी?"

"साहेब, मी टांगेवाला," तो म्हणाला. "बसा."

गोविंदाचं घर समुद्राजवळच्या मच्छीमारांच्या आळीत होतं. मला घाई समुद्र बघायची. ट्रंक ओट्यावर टाकून मी चड्डी घातली आणि निघालो. गोविंदा मागून "अरे थांब, ओहोटी आहे" म्हणत होता, पण भूगोलाच्या मास्तरानं ओहोटीबद्दल दुसऱ्याकडून काय ऐकायचं! डहाणूला ओहोटी लागली की समुद्र गाव सोडून जातो. मी चिखलातून चालतोय, चालतोय, समुद्र तिकडे लांब चमकतोय आणि पाणी घोट्याच्या वर येईना. अखेर गुडघाभर पाण्यात मी अंग टाकलं, हात मारले आणि सवयीप्रमाणे डावीकडे वळलो. पुन्हा वळलो. नाकातोंडात इतकं खारं पाणी गेलं की उठून उभा राहिलो तेव्हा मीच खारवलेला मासा झालो होतो. गोविंदा कोरडा उभा होता आणि त्याच्याजवळ आळीतल्या सातआठ बायका.

"हा काय शोधतोय?" त्यातली एक म्हणाली.

"पोहतोय," गोविंदा म्हणाला.

"गोल?"

विचारणारी त्याची आई होती. काशीआई.

काशीआई साठीच्या आसपासची, ठेंगणी, काळीसावळी, कोपरापर्यंत बांगड्या आणि आवाज असा की वल्हवणाऱ्यांनाही किनाऱ्यावरून ऐकू जावा. तिनं मला मागच्या अंगणात नेऊन दोन घागरी गोडं पाणी डोक्यावर ओतलं आणि मग जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण आणि भाजलेला सुका बोंबील. मी भाकऱ्या मोजायच्या सोडून दिल्या. जेवता जेवता तिनं मला कामाचं सांगितलं.

घरामागच्या वाळूवर तिची वलांडी होती (बोंबील वाळत घालायचा बांबूंचा उंच मांडव). होती म्हणजे आदल्या महिन्यापर्यंत होती. बांबू जुने झाले आणि एका वाऱ्यात ती सगळी आडवी झाली. गोविंदाचा थोरला भाऊ होडी घेऊन समुद्रात होता आणि परवा दुपारच्या भरतीला परत यायचा होता. बोंबील हा मासा म्हणजे नुसतं पाणी. किनाऱ्याला उतरल्या दिवशी वाळत पडला तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याचा चिखल होतो.

"बांबू उधव्याला हायेत," काशीआई म्हणाली. "लखमीच्या डोहात. परवा होडी लागायच्या आत माझी वलांडी उभी पायजे. नाय झाली तर अख्खी खेप मातीत. कळलं का मास्तर?"

"कळलं. पण डोहात बांबू कशाला?"

यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझे वर्गातले विद्यार्थी आठवले. ओला बांबू महिनाभर पाण्याखाली दगडांनी दाबून ठेवायचा. त्याचा गोडवा पाण्यात उतरतो आणि मग त्याला कीड लागत नाही. उधव्याची लखमी आणि तिचा नवरा रूपजी दरवर्षी असे बांबू मुरवून देत. काशीआई त्यांना सुके बोंबील आणि मीठ पाठवी. हे अठरा वर्षं चालू होतं. गोविंदाचे वडील होते तोवर ते कासा गावच्या बाजारात जाऊन रूपजीशी देवघेव करत. त्यांच्यामागे ते काम गोविंदाकडे आलं. या दोघी बायकांनी मात्र एकमेकींना कधीच पाहिलं नव्हतं.

"यंदा रूपजीचा पाय मुरगळलाय," गोविंदा म्हणाला. "बांबू पाण्यातच आहेत. कुणीतरी बुडी मारून दगड काढायला हवेत. मी समुद्राचा माणूस, गोड्या पाण्याचा मला भरवसा नाही. म्हटलं, तू आहेस."

मी छाती पुढे काढली. "दगड मी काढतो," मी म्हणालो. "कुणी हात लावायचा नाही."

हे शेवटचं वाक्य मी बोललो नसतो तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीनं आम्ही तलासरीला गेलो आणि तिथून उधव्याला, थोडं बैलगाडीनं, थोडं पायी. समुद्रकाठचे नारळ आणि चिकूच्या वाड्या मागे पडल्या. साग, पळस, गवताची माळरानं लागली. गवत कापून त्याचे गठ्ठे बांधायचं काम जागोजाग चालू होतं. हे गवत लॉरीनं डहाणू रोडला जातं आणि तिथून मुंबईच्या तबेल्यांना. त्यातलीच एक लॉरी दुपारी तीनला उधव्याहून सुटायची होती आणि गोविंदानं लॉरीवाल्याशी ठरवून ठेवलं होतं की बांबू गवतावर टाकून न्यायचे. संध्याकाळपर्यंत डहाणू, रात्रीत खड्डे खणायचे, सकाळी वलांडी उभी. हिशेब अगदी चोख बसला होता.

रूपजीचं घर टेकडीच्या उतारावर होतं. कुडाचं, शेणानं सारवलेलं, अंगणात नागलीच्या (म्हणजे नाचणीच्या) काडाची गंजी. रूपजी पाय लांब करून खाटेवर बसला होता. पायाला हळदीचा जाड लेप. लखमी, म्हणजे सगळ्यांची लखमाय, अंगणात टोपली विणत होती. वाळकी, उंच, केस पांढरे, हसताना एकच दात पुढे येणारा. तिनं आम्हाला नागलीची भाकरी आणि ठेचा दिला आणि विचारलं, "कठं राहता?" (कठं म्हणजे कुठे.)

"साताऱ्याकडे. फार लांब."

"बांबू काढायला इतक्या लांबून आलेत?"

"बांबू काढायला आणि डोह बघायला," मी म्हणालो. मग मला राहवेना. चुनखडी, विवर, कोसळलेलं छत, परदेशातली निळी कुंडं असा सगळा धडा मी तिथं अंगणात घेतला. रूपजी मन लावून ऐकत होता. लखमायचा हात टोपलीवर थांबला होता. धडा संपल्यावर मी रिवाजाप्रमाणे विचारलं, "काही शंका?"

"नाय," दोघंही म्हणाली.

विद्यार्थ्यांना शंका नसल्या की मास्तराला आनंद होतो. मी स्वतः त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. बांबू कसे ठेवलेत, दगड किती, काढताना तुम्ही काय करता, असलं काही विचारणं माझ्या डोक्यातच आलं नाही. वीस वर्षं वर्गात प्रश्न विचारत आलो, पण ते सगळे ज्यांची उत्तरं मला आधीच पाठ आहेत असे.

डोह घरापासून हाकेवर होता. ओढा दोन कातळांमधून सरसरत येतो आणि एकदम एका मोठ्या गोल खळग्यात उतरून स्वस्थ होतो. काठ गुळगुळीत, कुंभारानं हातानं फिरवल्यासारखे. पाणी वर हिरवं आणि मध्ये काळंनिळं. एका बाजूला जांभळाचं जुनं झाड, त्याची मुळं कातळावरून थेट पाण्यात गेलेली. मला त्या डोहाचा मोह पडला, अगदी लग्न ठरलेल्या माणसाला पडावा तसा.

पहिलं काम शास्त्राचं. मी लिंबू कापलं आणि काठच्या खडकावर पिळलं. खडक काळा होता, कुळकुळीत काळा, आणि असा खडक लाव्हाचा असतो हे मी दरवर्षी पाचवीच्या वर्गाला शिकवतो. तरी माणसाची आशा. मी कान लावून फसफस ऐकू लागलो. काही नाही. दुसरं लिंबू पिळलं. काही नाही. तिसरं पिळायला लागलो तेव्हा लखमायनं गोविंदाला हळूच विचारलं, "हा भगत हाय का?" (भगत म्हणजे देवाचं करणारा, अंगारे देणारा.)

"मास्तर आहे."

"मग लिंबू कोणाला देतो? आमच्या डोहाला नारळ लागतो. लिंबू तो घेत नाय."

आणि तिनं माझ्या हातातलं चौथं लिंबू काढून घेऊन पदरात बांधलं, लोणच्यासाठी. चुनखडीचा प्रश्न तिथंच निकालात निघाला. पुरात गोटे गरगर फिरून कातळ कोरला गेला होता, एवढाच तो प्रकार. पण गोल होता, खोल होता आणि निळा होता. मला तेवढं पुरे होतं.

गोविंदाला मी म्हणालो, "आधी तू."

"अरे बांबू..."

"लॉरीला अजून तीन तास आहेत. समुद्राचा पोहणारा ना तू?"

त्याचा अभिमान डिवचला गेला. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून सदऱ्याखाली ठेवलं आणि पाण्यात उतरला. समुद्राचं पाणी माणसाला उचलून धरतं. गोडं पाणी तसली काही मेहनत घेत नाही. गोविंदा नेहमीच्या ऐटीत उताणा पडला आणि नाकापर्यंत खाली गेला. उठला, खोकला, पुन्हा पडला, पुन्हा नाकापर्यंत.

"यात मीठ टाका रे कुणीतरी!" तो ओरडला आणि काठाला धरून बसला.

मग मी उतरलो. थंडी अशी की पहिल्या क्षणी माझ्या तोंडून भूगोलाचा एकही शब्द निघाला नाही. पण चार हात मारले आणि मला घर सापडलं. गोल काठ, गोल पाणी. मी वळलो तिथं काठही वळला. आयुष्यात पहिल्यांदा निसर्ग माझ्या पद्धतीनं वागत होता. मी एक फेरी मारली, दहा मारल्या, विसाव्या फेरीला गाणं म्हणू लागलो. वर लखमाय काठावर बसून हसत होती. "तेलाच्या घाण्याचा बैल," ती गोविंदाला म्हणाली, "पण हौशी हाय." मी किती वेळ फिरत होतो ते मला ठाऊक नाही. गोविंदाला ठाऊक होतं, कारण तो घड्याळाकडे पाहत होता.

"सदा, बांबू!"

"काढतो," म्हणून मी पहिला सूर मारला.

पहिल्या सुरात तळ लागला नाही. कानात दडे बसले आणि मी वर आलो. दुसऱ्या सुरात बांबू हाताला लागले. जांभळाच्या बाजूला दोन पुरुष खोलीवर ते आडवे पडले होते, त्यांच्यावर शेवाळलेले दगड आणि दगडांभोवती वेलींचा हा गुंता. परदेशातल्या कुंडांत अशीच मुळं लोंबतात, असं लेखात होतं. त्या मुळांशी मी झटापट केली, एक दगड कसाबसा उचलला आणि दम संपल्यामुळे तो दुसऱ्या जुडीवर ठेवून वर आलो. म्हणजे काम एका दगडानं वाढलं.

"लवकर," गोविंदा म्हणाला.

"मी मदतीला..." लखमाय उठली.

"कुणी हात लावायचा नाही!" मी पाण्यातून हात वर करून म्हणालो. ती पुन्हा बसली.

तिसरा सूर माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम होता. थेट तळाशी गेलो, पाय रोवले, एक मोठा दगड ढकलला आणि त्याच्याखालचा एकच एक बांबू सुटला. महिनाभर दाबून ठेवलेला बांबू सुटतो तेव्हा सावकाश सुटत नाही. तो माझ्या चड्डीच्या उजव्या पायातून शिरला, कमरेच्या नाडीत अडकला आणि मला घेऊन वर निघाला. मी पाण्याबाहेर आलो तो डोकं खाली, पाय वर आणि मधून पंधरा फुटी बांबू, अशा अवस्थेत. नाडी टिकली म्हणून हे प्रवासवर्णन लिहिता येतंय. गोविंदानं मला बांबूसकट काठाला ओढलं. लखमाय जमिनीवर बसून हसत होती, तिला श्वास घेता येत नव्हता आणि टेकडीवरून रूपजी हाका मारून विचारत होता, काय झालं, कोणीतरी मला सांगा.

तेवढ्यात रस्त्याकडून भोंगा वाजला. एकदा, दोनदा. मग लॉरीचा आवाज हळूहळू लांब गेला.

गोविंदानं घड्याळ उचलून पाहिलं. सव्वातीन. मला तेव्हा पहिल्यांदा काशीआईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. उद्या दुपारी होडी लागणार होती. वलांडीचे बांबू डोहात होते, एक सोडून.

लखमायनं डोळे पुसले आणि मला विचारलं, "झालं का पोहून? आथा काढू का बांबू?"

आथा म्हणजे आता. ती उठली, जांभळाच्या मुळापाशी गेली, पाण्यात हात घालून एक दोरी बाहेर काढली आणि दोन्ही पाय कातळाला लावून ओढली. ज्यांना मी परदेशी मुळं समजलो ती रानवेलीची जाळी होती. सगळे दगड त्या जाळीत बांधलेले होते. दोरी ओढली तशी जाळी कलंडली, दगड बाजूला घसरले आणि बांबू एकामागून एक वर येऊन शांतपणे तरंगू लागले. एवढ्या वेळात मी एखादी फेरीही पुरी केली नसती.

"आधी का नाही सांगितलंत?" मी म्हणालो.

"तुम्ही म्हणाले हात लावायचा नाय. मास्तर माणूस, म्हटलं वेगळी युक्ती असंल. आन् शंका विचारली तेव्हा आम्हाला नव्हतीच. आम्हाला ठाऊक हाय ना बांबू कसे काढतात."

मी गोविंदाला म्हणालो, "माझी चूक झाली." तो म्हणाला, "मला नको सांगूस. आईला सांग."

आता एकच उपाय उरला. रूपजीची बैलगाडी. पण त्याचा पाय असा आणि ते दोन बैल रूपजी सोडून फक्त लखमायचं ऐकत. गोविंदानं एकदा त्यांना हाकून पाहिलं, ते त्याच्याकडे बघून रवंथ करत राहिले. लखमायनं रूपजीला शेजाऱ्यांच्या स्वाधीन केलं, पदर खोचला आणि गाडीवर चढली. बांबू मागे हातभर लोंबत होते आणि आम्ही दोघं मास्तर त्यांच्यामागून चालत होतो. रात्र तलासरीच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या पडवीत काढली. बैलांना विश्रांती हवी होती. मला झोप लागली नाही. मनातल्या मनात मी काशीआईला सांगायची वाक्यं जुळवत होतो आणि त्यातलं प्रत्येक 'खरं म्हणजे'पासून सुरू होत होतं.

डहाणूच्या आळीत शिरलो तेव्हा दुपार उलटायला आली होती. होडी कधीच लागली होती.

समोरचं दृश्य मी विसरणार नाही. सगळी आळी बोंबलांनी लटकली होती. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवायचे आणि दोरीवर टांगायचे, अशी त्यांची पद्धत. पण वलांडी नसल्यामुळे बायकांनी जे मिळेल त्यावर टांगले होते. खिडक्यांच्या गजांवर, कुंपणांवर, उलट्या होडीच्या वल्ह्यांवर, गोविंदाच्या शाळेच्या फाटकावर. ओट्यावर माझी छत्री उघडून ठेवली होती आणि तिच्या आठही काड्यांना बोंबील. माझं वाळत घातलेलं धोतर दोरीसारखं पिळून त्यावर चाळीसेक. तरी वाळूवर चार पाट्या भरलेल्या राहिल्या होत्या आणि त्यातल्या दोन पाट्यांतले बोंबील आता बोंबील राहिले नव्हते.

काशीआई कमरेवर हात ठेवून उभी होती.

मी पुढे झालो. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "मी पोहत होतो," मी म्हणालो. "म्हणून लॉरी चुकली."

"पोवत होतास?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "माझे बोंबील इथं कुजत होते नि तू पोवत होतास? दोन पाट्या गेल्या, मास्तर. पोरगा चार दिवस पाण्यात होता त्याच्यासाठी."

"हो," मी म्हणालो. मला खरोखर रडू येत होतं. हौसेखातर पोहायला आलेला मी, आणि चार दिवसांची दुसऱ्याची मेहनत वाळूत पडली होती.

ती आणखी बोलणार होती. पण तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. लखमाय गाडीवरून उतरली होती आणि बैलांच्या मध्ये उभी राहून समुद्राकडे पाहत होती. साठ वर्षांच्या आयुष्यात ती इथं कधी आली नव्हती. मग तिनं समुद्र सोडला आणि टांगलेल्या बोंबलांपाशी जाऊन एक हातात घेतला, वास घेतला, बोटांनी दाबून पाहिला.

"काशी तू का?" ती म्हणाली. "हे तुझेच हात. जबडा असाच अडकवतेस. दरवर्षी माझ्या टोपलीत असाच येतो."

काशीआई गाडीपाशी गेली आणि बांबूच्या जुडीला बांधलेल्या वेलीच्या गाठीवरून बोट फिरवलं. "लखमी," ती म्हणाली. "ही गाठ मला कवापासून सोडवता येत नाय. कापूनच टाकते दरवर्षी. कशी सोडवतात ही?"

"ये, दाखवते."

दोघी वाळूत बसल्या. अठरा वर्षं एकीनं बांधलेलं दुसरीनं कापलं होतं, एकीनं खारवलेलं दुसरीनं खाल्लं होतं. काशीआईला लखमीच्या थोरल्या मुलीचं लग्न माहीत होतं, कारण त्या वर्षी बांबू कमी आणि सोबत लग्नघरची नागली आली होती. लखमीला काशीचा नवरा गेल्याचं माहीत होतं, कारण त्या वर्षी टोपलीत मीठ आलं आणि बोंबील आले नाहीत. हे सगळं त्या गाठ सोडवता सोडवता बोलत होत्या. आम्ही खड्डे खणत होतो. मी सर्वांत जास्त खणले. सूर्य बुडायच्या आत वलांडी उभी राहिली आणि उरलेल्या दोन पाट्या वर चढल्या. गेलेल्या दोन पाट्या चिकूच्या वाडीत खत म्हणून पुरल्या. ते पुरायचं कामही मीच केलं, कुणी सांगितलं नव्हतं.

लखमाय तीन दिवस राहिली. ती, काशीआई आणि गोविंदा अशा तिघांनी मिळून मला रोज भरतीच्या वेळी समुद्रात नेलं आणि सरळ पोहायला शिकवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी मी सरळ दहा हात गेलो आणि मग वळलो. परत निघताना काशीआईनं सुक्या बोंबलांचं गाठोडं माझ्या ट्रंकेत कोंबलं. गाडीत माझ्या बाकावरचे प्रवासी एकेक करत दुसरीकडे जाऊन बसले आणि पुण्यापर्यंत मी पाय पसरून आलो. घरी सौ.नी ट्रंक उघडली, नाक धरलं आणि म्हणाल्या, "शास्त्र लागलं का हाती?" मी सांगितलं की खडक काळा निघाला, लिंबं गेली, आणि मला कुणाला प्रश्न विचारायचं शिक्षण वीस वर्षं उशिरा मिळालं. त्या म्हणाल्या, "मग आधी मला विचारा, हे बोंबील कसे करायचे," आणि मी विचारलं.

पुढच्या वर्षी माघ लागला आणि गोविंदाचं कार्ड आलं. रूपजीचा पाय बरा झाल्याचं त्यात होतं. पुढे लिहिलं होतं, "यंदा बांबू लॉरीनं, अगदी वेळेवर आले. होडी लागायच्या आदल्या दिवशीच वलांडी उभी राहिली. एकही बोंबील वाया गेला नाही. जास्तीचे चार बांबू मात्र अजून डोहातच आहेत. आई चार दिवस माझ्याशी बोलत नाही. बैलगाडीवर कुणी आलं का, म्हणून रस्त्यापर्यंत जाऊन बघून येते. तू कधी येतोस ते कळव."

मी त्याच दुपारी रजेचा अर्ज लिहिला. हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. कारण म्हणून मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: डहाणूस बांबू उशिरा पोचवणे अत्यावश्यक.